कोणाचा रे तू?

आमच्या मुर्धा गावात एक जुनी पद्धत अजून टिकून आहे. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा अनोळखी मुलगा दिसला की ओट्यावर बसलेली म्हातारी त्याला त्याचे नाव विचारत नाही. ती विचारते, "कोणाचा रे तू?" मुलाने बापाचे, आजोबांचे किंवा निदान आळीचे नाव सांगितले की तिचे समाधान होते. मिठागरांचे काम ओसरले, भातशेती आक्रसली, राई-मोर्व्याच्या बाजूलाही इमारती उभ्या राहिल्या, तरी हा प्रश्न गेलेला नाही. नव्याने राहायला आलेल्यांना तो नसती चौकशी वाटतो. परंतु त्यात एक सोयही आहे. उद्या हा मुलगा रस्त्यात चक्कर येऊन पडला, तर निरोप कोणाच्या दारात द्यायचा, हे त्या म्हातारीला कळलेले असते.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात एक तरुण आला. वय २०, वजन ४३ किलो. महिनाभर खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम. लग्नसराईत केटरिंगच्या कामाला तो या बाजूला येत असे. तेथल्याच आचाऱ्याने त्याला माझ्याकडे धाडले होते. लक्षणे क्षयरोगाची होती हे सांगायला मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. थुंकीच्या तपासणीसाठी आणि छातीच्या फोटोसाठी चिठ्ठी लिहिताना मी सवयीने पत्ता विचारला. तो म्हणाला, "स्टेशन." मी म्हणालो, "स्टेशनजवळ कुठे?" तो म्हणाला, "जवळ नाही सर, स्टेशनवर."

पुढचा रकाना होता जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि फोन. तो मुलाने बराच वेळ पाहिला आणि कोराच ठेवून कागद परत दिला.

(ओळख पटू नये म्हणून या हकिगतीतले काही तपशील मी बदलले आहेत.)

हळूहळू कळले ते असे. सहाव्या वर्षापासून तो एका बालगृहात वाढला. तेथे जेवण वेळेवर मिळे, शाळा होती, ताप आला तर डॉक्टर होते. १८ वर्षे पुरी झाली तेव्हा एक बॅग, दहावीचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक घेऊन तो बाहेर पडला. त्याच्याबरोबर त्याच बालगृहातले आणखी दोघे होते. त्यांच्या आधी दोन वर्षे बाहेर पडलेला एक मोठा मुलगा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याच्या गाळ्यात कामाला होता. तिघेही त्याच्याकडे गेले. काम मिळाले आणि रात्री गाळ्यातच झोपायची परवानगीही मिळाली. आठ महिने ठीक गेले. मग त्या मोठ्या मुलाचे मालकाशी भांडण झाले, मालकाने त्याला काढले आणि 'याचीच माणसे' म्हणून या तिघांनाही त्याच दिवशी काढले. एका दिवसात नोकरी गेली आणि झोपायची जागाही गेली. चौघांनी रात्र फलाटावर काढली. पुढे तेच घर झाले.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. या मुलाला मित्र नव्हते असे नाही. जिवाला जीव देणारे मित्र होते. परंतु ते सगळे एकाच दोरीला लटकलेले होते. आपल्यापैकी कुणाची नोकरी गेली तर मामा असतो, शेजारी असतो, वर्गातल्या मुलाचे वडील असतात. त्यांची नोकरी आपल्याबरोबर जात नाही. त्या मुलांच्या ओळखीत असे एकही माणूस नव्हते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका लेखात याच गोष्टीचा उलगडा केला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नोकरीची बातमी आपल्याला जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसाकडून अधिक कळते. जिवलग त्याच वर्तुळात फिरत असतात, त्यांना आपल्याइतकेच ठाऊक असते. जुजबी ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातला असतो. आपल्याकडे याला नुसते 'ओळख काढणे' म्हणतात आणि त्याचा आपल्याला पुष्कळदा रागही येतो. पण ज्याला कुणाचीच ओळख काढता येत नाही, त्याचे काय होते याचा विचार आपण करत नाही.

अनाथ आणि निराधार मुलांना सांभाळण्याची व्यवस्था मुंबई इलाख्यात पुष्कळ जुनी आहे. १९२४ साली मुंबई मुलांचा कायदा झाला आणि १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मानखुर्दचे बालगृह आणि डोंगरी-उमरखाडीचे निरीक्षणगृह ही नावे जुन्या वाचकांना माहीत असतील. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अशी मुले बहुधा पालक-कुटुंबात ठेवली जातात. आपल्याकडे प्रतिपालकत्वाची सोय कायद्यात आहे, परंतु मुलांचा भार मुख्यत्वे संस्थांवरच आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मुलाला नातेवाइकाच्या किंवा अन्य कुटुंबाच्या घरी वाढवण्यास मदत करते. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाली. तीही १८ व्या वर्षी थांबते. कुटुंब असो वा संस्था, अठरावा वाढदिवस सगळीकडे सारखाच येतो.

आपल्या घरातला १८ वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला बँकेत पैसे भरता येत नाहीत, भात लावताना पाणी किती घालायचे ठाऊक नसते, आणि त्याची आई त्याला डॉक्टरकडे घेऊन येऊन त्याच्या वतीने लक्षणे सांगते. याच वयाच्या दुसऱ्या मुलाला आपण म्हणतो, तू आता सज्ञान आहेस.

परिणाम काय होतो याचे मोजमाप परदेशात झाले आहे. शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल या संस्थेतर्फे मार्क कोर्टनी आणि सहकाऱ्यांनी २००२ पासून आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या तीन राज्यांतील सातशेहून अधिक मुलामुलींची वयाच्या १७ व्या वर्षापासून २६ व्या वर्षापर्यंत वेळोवेळी विचारपूस केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, सव्विसाव्या वर्षापर्यंत यांतील ३१ ते ४६ टक्के जणांवर निदान एकदा तरी बेघर होण्याची पाळी आली होती. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाशी ज्यांचा जिव्हाळा टिकून होता, त्यांच्यावर ही पाळी कमी आली, असेही या अभ्यासात दिसले. इलिनॉयमध्ये मुलांना २१ व्या वर्षापर्यंत व्यवस्थेत राहता येत असे. तेथे बेघर होणे निदान लांबणीवर तरी पडले. आपल्याकडे २०१९ साली उदयन केअर या संस्थेने महाराष्ट्रासह पाच राज्यांतील बालगृहांतून बाहेर पडलेल्या तरुणांचा अहवाल काढला. शिक्षण अर्धवट राहणे, स्वतःची मिळकत नसणे आणि यात मुलींची स्थिती मुलांहून बिकट असणे, हे त्यात नोंदलेले आहे.

आता हे सगळे आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे कुणी विचारील. कारण आजारही ओळखीच्या वाटेनेच चालतो.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, पण ते वाटेल त्याला गाठत नाहीत. जो तासन् तास शेजारी झोपतो, त्याच कोंदट जागेत श्वास घेतो, त्याला गाठतात. अपुरे खाणे आणि अपुरी झोप असलेल्या शरीरात ते लवकर डोके वर काढतात. गुप्तरोग आणि एचआयव्ही यांचेही तसेच. आणि व्यसनाचे तर अगदीच तसे. स्टेशनवरची मुले व्हाइटनर किंवा चिकटवायचे सोल्युशन फडक्यावर घेऊन हुंगतात. ते कुणी दुकानदाराने शिकवलेले नसते, शेजारी झोपणाऱ्याने शिकवलेले असते. भूक मरते, थंडी कळत नाही, म्हणून ते सुरू होते. त्यातील टोल्यूनसारखी द्रव्ये मेंदूवर आणि मज्जातंतूंवर परिणाम करतात. हृदयाची लय अचानक बिघडून एखाद्याला पहिल्याच खेपेस मृत्यूही येऊ शकतो. पोटच्या मुलाच्या दप्तरातही व्हाइटनर असते, म्हणून आईवडिलांनीही हे ध्यानात ठेवावे.

माझी चूक येथेच झाली. थुंकीत जंतू सापडले, गोळ्या सुरू झाल्या आणि मी त्या मुलाला बसवून चांगले पाऊण तासाचे व्याख्यान दिले. त्याचा सारांश एवढाच होता, की ही संगत सोड. त्याने मान डोलावली. नंतर तीन आठवडे तो फिरकलाच नाही.

क्षयाच्या उपचारात तीन आठवड्यांचा खंड ही लहान गोष्ट नव्हे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. नेमाने घेतली तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मध्येच सोडली तर उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि मग उपचार लांबतो, कठीण होतो. मुलगा गेला कुठे हे विचारायला माझ्याजवळ कोणाचाच फोन नव्हता. कागदावरचा तो रकाना कोराच होता.

त्याला परत आणले ते ज्या संगतीला मी नावे ठेवली होती तिनेच. त्याच्याबरोबर बालगृहातून बाहेर पडलेला दुसरा मुलगा त्याला हाताला धरून घेऊन आला आणि मला म्हणाला, "सर, याला रागावू नका. तुम्ही आम्हाला सोड म्हणालात, तर हा जाणार कुठे?" उत्तर माझ्याजवळ नव्हते. फलाटावर झोपणाऱ्या मुलाच्या वस्तू चोरीला जाऊ नयेत म्हणून जागा राहतो तो मित्र, ताप आल्यावर चहा-पाव आणून देतो तो मित्र, आणि व्हाइटनरचे फडके पुढे करतो तोही मित्रच. यांतला एकच तेवढा मित्र काढून घ्या असे सांगणे डॉक्टरला सोपे असते.

तेव्हा मी बेत बदलला. क्षयाच्या रुग्णाच्या घरातील सगळ्यांची तपासणी करावी असा नियम आहे. याचे घर म्हणजे फलाट, तर फलाटावरच्यांची करायची. आधी तो नावे सांगेना. पोलीस येतील अशी त्याला भीती होती. शेवटी मी म्हणालो, नावे सांगू नकोस, माणसे आण. दोन दिवसांनी सहा जणांना घेऊन आला. सगळ्यांना आरोग्य केंद्रात पाठवले. पाच जणांची तपासणी निर्दोष निघाली. सहाव्याच्या थुंकीत जंतू सापडले. तो खोकत होता हे त्या मुलांना दोन महिन्यांपासून माहीत होते. आपल्या आरोग्य खात्यातल्या कुणालाही, माझ्यासकट, ते माहीत नव्हते.

लॉस एंजेलिस शहरातील बेघर तरुणांवर एरिक राइस या संशोधकाने अशा ओळखींचा अभ्यास केला आहे. २०१० सालच्या त्याच्या लिखाणातून दिसते, की रस्त्यावर न राहणाऱ्या, घरच्या किंवा जुन्या मित्रांशी ज्यांचा फोनवरून वा संगणकावरून संपर्क टिकून होता, ती मुले निरोध वापरण्याच्या बाबतीत अधिक सावध होती. रस्त्यावरची मैत्री तुटलेली नव्हती. तिच्या जोडीला दुसरी एक ओळख होती, एवढाच फरक.

आपल्या मराठी मुलखातलेही एक उदाहरण आहे. गोव्याच्या अनाथालयात वाढलेली अमृता करवंदे १८ व्या वर्षी पुण्यात आली, तेव्हा पहिली रात्र तिला रेल्वे स्टेशनवर काढावी लागली होती, असे तिने वर्तमानपत्रांना सांगितले आहे. तिने मिळेल ते काम करीत पदवी घेतली, स्पर्धा परीक्षा दिली, आणि अनाथांसाठी अर्जात रकानाच नाही म्हणून अडली. मित्रांच्या आणि ओळखीच्या माणसांच्या मदतीने ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचली. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने शिक्षणात आणि नोकरीत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आणले, त्यामागे तिचा हा खटाटोप होता. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अपंग अनाथ मुलांना स्वतःचे नाव दिले आणि १८ वर्षांनंतरही त्यांना त्याच घरात राहता यावे, असा कायदा करा, म्हणून ते वर्षानुवर्षे मागणी करीत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार देणे सरकारला कायदा करण्यापेक्षा सोपे जाते, असे माझे मत आहे.

अर्थात कायदा मुळीच नाही असे नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ४६ व्या कलमात १८ वर्षांनंतरच्या मदतीची तरतूद आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ती २१ व्या वर्षापर्यंत आणि अपवादाने २३ व्या वर्षापर्यंत देता येते. यालाच अनुरक्षण म्हणतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरवले आहेत. माझ्या या रुग्णाला यातले अक्षरही ठाऊक नव्हते. मी जेव्हा त्याला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "हे कोणाला भेटून मागायचे?" जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचे कार्यालय आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष, हे त्याचे उत्तर. पण तेथे जायला कुणीतरी बरोबर लागते. पोटच्या मुलाला कॉलेजच्या प्रवेशासाठी आपण एकट्याला पाठवतो का?

कागदपत्रांचीही अशीच अडचण. पुष्कळदा आधारवरचा पत्ता बालगृहाचा असतो आणि फोन नंबर तेथल्या कर्मचाऱ्याचा. मग खाते चालू करायचे तर सांकेतिक क्रमांक भलत्याच फोनवर जातो. क्षयाच्या रुग्णाला पौष्टिक आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यातच जमा होते. म्हणजे ज्याला खाण्याची सर्वांत जास्त गरज, त्याचेच पैसे अडकतात.

आमच्याकडे ही गाठ सोडवली ती एका खानावळवाल्या बाईंनी. केटरिंगचे काम नसेल त्या दिवशी हा मुलगा त्यांच्याकडे भाजी निवडून, टेबले पुसून जेवत असे. म्हणून आम्ही त्यांनाच विचारले, की रोज दुपारी याने गोळी घेतली का एवढे पाहाल का? त्या कबूल झाल्या. पुढच्या भेटीला स्वतः बरोबर आल्या आणि तो कोरा रकाना पाहून म्हणाल्या, "माझं नाव लिहा." आरोग्य सेविकेने नाते विचारले. बाई थोड्या गोंधळल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी लिहा हो, पण नंबर बरोबर लिहा." सेविकेने 'मावशी' असे लिहिले. मुलगा त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होता.

बाईंना मी एकच सूचना केली, ती वाचकांनाही करतो. एकट्याला उचलून घरी आणण्याचा उत्साह दाखवू नये. तो बहुधा चार दिवस टिकतो, आणि अशा मुलाला सोडून दिले जाण्याचा अनुभव आधीच पुरेसा असतो. फोन घेता येईल, कागदावर नाव देता येईल, एकदा कार्यालयात बरोबर जाता येईल, एवढेच कबूल करावे आणि ते पाळावे. मुलींच्या बाबतीत ही ओळख शक्यतो बाईमाणसानेच ठेवावी. नोकरी आणि लग्न यांच्या आमिषाने अशा मुलींना गाठणारे स्टेशनवर आधीच उभे असतात.

निवाऱ्याचेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा रात्रनिवारा असावा असे सांगितले. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. हिशेब वाचकांनीच करावा आणि आपल्या नगरसेवकाला विचारावा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेला असा कुणी तरुण कामावर, दुकानावर किंवा लग्नाच्या मांडवात दिसला, तर त्याला महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत आहेत. उपचार नीट सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाची शक्यता बरीच कमी होते, तेव्हा त्याला कामावरून काढू नये. निराशा, झोप उडणे, जीव द्यावासा वाटणे यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. एचआयव्हीबद्दलच्या शंकांसाठी १०९७. वय १८ च्या आत असेल तर १०९८.

माझ्या रुग्णाचे वजन आता ५१ किलो आहे. सहा महिन्यांच्या गोळ्या, मधला खंड भरून काढून, पुऱ्या झाल्या. अनुरक्षणाचा अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. फलाटावरून सापडलेला त्याचा मित्रही उपचारावर आहे. त्याच्या गोळ्यांचा पुडा खानावळीत मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. त्याचे अजून पाच आठवडे उरले आहेत.